सातच्या ठोक्याला

शिवणकाम करणाऱ्या मावशींना मुलाने टॅबलेट घेऊन दिला होता. परगावी राहणारा हा मुलगा रोज सकाळी सातच्या ठोक्याला त्यावर विचारायचा, "आई, कशी आहेस?" मावशी शेजारणीपाशी त्याचं तोंड भरून कौतुक करायच्या.

एकदा शेजारीण म्हणाली, "अहो, एवढी महागाची वस्तू आणि तुम्ही तिच्यावर फक्त मेसेज वाचता?" तिने मावशींना एकेक गोष्ट शिकवायला घेतली. मेसेज एकदाच लिहायचा, वेळ लावून द्यायची, मग तो रोज आपोआप जातो, हेही शिकवलं.

मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंडावर पाणी मारल्याशिवाय ज्या पोराचे डोळे उघडत नसत, तो म्हणे रोज सातला उठून आईची चौकशी करतो. जशास तसं म्हणून त्यांनीही रोज सात वाजून पाच मिनिटांची वेळ लावली आणि लिहिलं, "मी बरी आहे, बाळा."

पुढे महिन्याभराने त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. टॅबलेट घरीच शिलाई मशीनवर चार्जिंगला राहिला. दवाखान्यात शेजारीण म्हणाली, "मुलाला कळवते."

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "त्याचा आपणहून फोन येतो का, बघू."

फोन आला नाही. कुबड्या टेकत घरी आल्यावर मावशींनी आधी टॅबलेट उघडला. मुलाने रोज विचारलं होतं, आणि रोज त्या बऱ्या होत्या.