दहा पिना, वीस डोळे

सखाच्या टेम्पोतून ते धूड उतरत होतं, तेव्हा दिपिकाची नजर दुसऱ्या कशाकडे गेलीच नाही. तिने पाहिली ती मागे लोंबणारी वायर. कापड गुंडाळलेली, जागोजागी उंदराने कुरतडलेली, आतली तांब्याची तार उघडी पडलेली.

"हे घरात येणार नाही," ती म्हणाली.

तोवर ते पडवीत अर्धं शिरलं होतं. तेरा फूट लांब लाकडी पट्टी, तिच्या टोकाला कपाटाएवढं खोकं आणि खोक्याच्या माथ्यावर रंगीत काच. काचेवर बॉल हातात धरून हसणारी एक गोरी बाई होती, तिचं नाक खरवडून गेलं होतं. मुंबईतला खलाशांचा एक जुना क्लब बंद झाला तेव्हा हे बोलिंगचं मशीन रोह्याजवळच्या अष्टमी गावात सखाच्या भंगाराच्या दुकानात येऊन पडलं होतं. दिपिकाच्या नवऱ्याने, प्रणितने, घरातली बंद स्कूटर सखाला दिली आणि बदल्यात हे उचललं.

"यात चिप नाय, कॉम्प्युटर नाय," प्रणित मशीनच्या पाठीवर थोपटत म्हणाला. डोलवीच्या प्लांटमध्ये तो कंत्राटावर इलेक्ट्रिशियन होता, दिवसभर मोटरींमध्येच असायचा, तरी घरी आल्यावर त्याला आणखी एक मोटर हवी होती. "नुसत्या कॉइल, रिले आन् घंट्या. माणसाने हाताने जोडलेलं मशीन हाय."

"आन् उंदराने दाताने सोडलेलं," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई, म्हणजे विमलबाई, गणपतीच्या कारखान्यात आखणी करायच्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. तीस वर्षं त्या तेच काम करत होत्या, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे पाहून तिच्यात काय करायचं राहून गेलंय ते त्यांना लगेच दिसायचं.

दिपिका कोपऱ्यात उभी राहून चार वर्षांच्या लेकीचा, सुरभीचा, हात घट्ट धरून होती. सुरभी मात्र त्या काचेवरच्या बाईकडे टक लावून बघत होती.

दिवाळी नुकतीच झाली होती. जूनमध्ये ही मंडळी अष्टमीची भाड्याची खोली सोडून पेणला सासूबाईंकडे राहायला आली, कारण अष्टमीहून डोलवीची शिफ्ट गाठता गाठता प्रणितची झोपच होत नव्हती. प्रणितची झोप झाली, पण सुरभीचं बोलणं गेलं. घरात तोंड बंद नाही आणि नव्या बालवाडीत मात्र एक अक्षर नाही. बाई म्हणायच्या, "शांत मुलगी आहे." दिपिकाला ते शांतपण रात्री झोपू द्यायचं नाही. घरी येऊन सुरभी सगळ्यांची नावं सांगायची, कुणी डब्यात काय आणलं, कोण पडलं, कोण रडलं. पण त्या सगळ्यात ती स्वतः कुठेच नसायची.

दिपिकाने रोह्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं. मशीन परत जात नाही असं दिसल्यावर तिने एका वहीत अटी लिहिल्या आणि पान प्रणितपुढे धरलं. नवीन वायर. अर्थिंग. करंट गळला तर आपोआप पडणारा स्विच. पिनांभोवतीच्या काचा कायम बंद. आणि मशीनच्या खोक्यापासून सहा फुटांवर खडूची रेघ, तिच्यापुढे मुलीने पाऊल टाकायचं नाही.

"बॉल कुठून टाकायचा मग?"

"पट्टीचं दुसरं टोक आहे ना तेरा फुटांवर. तिथून."

प्रणितने मान डोलावली, कारण तिने तोपर्यंत फ्यूजची जागा उघडून दाखवली होती. फ्यूजऐवजी कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून बसवला होता. क्लबमध्ये फ्यूज संपले असतील, खेळ थांबवायचा नसेल. प्रणितने तो कागद पाहिला आणि पुढे एकाही अटीवर वाद घातला नाही.

मशीन परदेशी, एकशेदहा व्होल्टवर चालणारं. रोह्याच्या एका मोटर वाइंडिंगवाल्याने त्याच्याजोगा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. पहिल्यांदा करंट दिला त्या रविवारी मशीनने नुसता एक खोल हुंकार दिला, आकड्यांची चाकं गरगर फिरली आणि घंटा वाजायला लागली ती थांबेचना. शेजारची अनिता पोळपाट हातात घेऊन बघायला आली.

खेळ असा होता की पट्टीच्या टोकाला बाटलीच्या आकाराच्या दहा पिना वरून लोंबत असायच्या. त्यांच्या खाली लाकडात तारेचे छोटे उंचवटे. बॉल त्या तारांवरून गेला की आतला रिले, म्हणजे करंटवर चालणारा छोटा स्विच, खटकन ओढला जायचा, आणि जिची तार दाबली ती पिन वर उडायची. सगळा डाव झाला की मोटर फिरून दहाही पिना परत खाली आणायची.

पाच नंबरची पिन उडत नव्हती. प्रणितने दोनदा कॉइल बदलली, तरी ती जागची हलेना. मग तो शिफ्टला गेला आणि सुरभी बालवाडीत, तेव्हा दिपिका टॉर्च घेऊन मशीनच्या पोटाशी बसली. बाई जशी गॅसवरच्या दुधाकडे बघते तशी ती रिल्यांच्या रांगेकडे बघत राहिली. एक दुपार गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दुपारी तिला दिसलं की पाचव्या रिल्याच्या दोन पत्र्या एकमेकींना टेकल्यासारख्या वाटतात, पण टेकत नाहीत. मध्ये केसाएवढी फट होती. तिने मशीन बंद केलं, प्लग भिंतीतून काढला, एकदा नव्हे दोनदा खात्री केली आणि चिमट्याने पत्री किंचित वाकवली. पुन्हा चालू करून बॉल सोडला. पाच नंबर उडाली.

तिने प्रणितला फोन लावला. प्लांटच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना.

"पाच उडाली," ती ओरडली.

"काय उडाला? फ्यूज?"

"पिन हो. पिन."

मग पिनांचंच काम उरलं. जुन्या प्लास्टिकच्या पिना इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की बोट लावलं तरी कपचा निघायचा. विमलबाई त्यातल्या त्यात धड असलेली एक पिन पदराखाली घालून कारखान्यात घेऊन गेल्या आणि तिच्यावर रबरी साचा पाडून आल्या. पहिल्यांदा त्यांनी काथ्या घालून प्लास्टरच्या दहा पिना ओतल्या. पिना देखण्या झाल्या, पण कॉइलला त्या उचलवेनात. मशीन नुसतं कण्हायचं आणि पिना इंचभर वर जाऊन परत खाली यायच्या.

"मूर्ती जागची हलू नये म्हणून वजन लागतं गो," विमलबाई म्हणाल्या. "ह्यांना उडायचं हाय, ते माझ्या ध्यानातच नाय आलं." मग त्यांनी कागदाच्या लगद्याच्या पिना केल्या. त्या फुलासारख्या हलक्या झाल्या आणि टकटक उडायला लागल्या.

जानेवारीतल्या एका सोमवारी बालवाडीच्या बाईंनी दिपिकाला फाटकात थांबवलं. "रविवारी सुरभीचा वाढदिवस ना? अकरा मुलं येणार आहेत म्हणे तुमच्याकडे, बोलिंग खेळायला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सुरभीनेच. सगळ्यांच्या पुढे उभी राहून सांगितलं."

दिपिका घरी येईपर्यंत चालली की धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. सात महिन्यांनी मुलगी बोलली होती, आणि बोलली ती मशीनच्या भरवशावर. रविवारी ते बंद पडलं तर सोमवारी अकरा पोरं तिला खोटारडी म्हणतील. मग पुन्हा तोंड उघडायला ती किती महिने घेईल, याचा हिशेब दिपिकाला नको होता.

तिने रोज दोनदा मशीन तपासलं. पडणारा स्विच पाडून बघितला, अर्थिंगची तार ओढून बघितली. शनिवारी एकच काम बाकी होतं. पिनांना पांढरा रंग आणि मानेवर दोन लाल पट्टे. ते विमलबाई करणार होत्या. दिपिका सुरभीचा फ्रॉक आणि केक आणायला बाजारात गेली. परत आली तेव्हा प्रणितने पिना जागेवर चढवून काच बंद केली होती.

दिपिका काचेपाशी गेली आणि थांबली.

दहाही पिना तिच्याकडे बघत होत्या. लांब, काळेभोर, कोपऱ्याला हलकी लाली असलेले डोळे, पापणीची रेघ एका फटकाऱ्यात ओढलेली. कारखान्यातल्या मूर्तीला असतात तसेच.

"आई, पट्टे काढायचे होते."

"काढले की. बघ ना, दोन दोन हायत." मग विमलबाई जरा ओशाळल्या. "गणपती गेल्यापासून हाताला डोळे मिळाले नव्हते गो. पांढरा रंग वाळला, कुंचला हातातच व्हता. बिनडोळ्याचं तसंच सोडवंना."

"छान दिसतायत," प्रणित म्हणाला. दिपिकालाही ते छानच वाटले. तिने स्विच आणखी एकदा तपासला.

रविवारी चार वाजता अकरा मुलं आली. सुरभी नव्या फ्रॉकमध्ये दारात उभी राहून प्रत्येकाला चपला कुठे काढायच्या ते सांगत होती, आणि दिपिका आतून ते कान देऊन ऐकत होती. प्रणितने मशीन चालू केलं. दिवे लागले, आकडे फिरले. मुलं पट्टीच्या टोकाला गोळा झाली. सुरभीने पहिला बॉल साहिलच्या हातात दिला.

साहिलच्या बापाचा मूर्तींचा कारखाना होता. त्याने पिनांकडे बघितलं आणि बॉल खाली ठेवला.

"मी नाय मारणार."

"का रे?" प्रणितने विचारलं.

"त्यांना डोळे काढलेत. डोळे काढले की पाय पण लावायचा नाय. माझे पप्पा सांगतात."

बाकीची पोरंही त्याच गल्ल्यांतली होती. प्रतिक्षा नावाच्या एका मुलीने हात जोडले. तिचं बघून आणखी तिघांनी जोडले. कुणीतरी हळूच म्हणालं, "त्यांना लागेल." सगळी मुलं दोन पावलं मागे सरली आणि पुढे सुरभी एकटी राहिली. तिचा खालचा ओठ बाहेर आला.  ती नुसती फ्रॉकची लेस बोटाला गुंडाळू लागली. बालवाडीत ती अशीच उभी राहत असणार, हे दिपिकाला न सांगता कळलं.

"मी पुसून टाकते," विमलबाई टर्पेंटाइनचा बोळा घेऊन आल्या. काचेपर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. "नाय गो. काढलेले डोळे मला पुसवत नायत. तू पूस."

दिपिकाने बोळा घेतला. पण पोरांच्या देखत पुसले तर ते मारण्याहून वाईट दिसणार होतं. ती मशीनकडे बघत राहिली, तीन दुपारी बघितलं होतं तशी. मग तिने बोळा खिडकीत ठेवला.

"चला," ती मुलांना म्हणाली. "सगळे इकडे या. खोक्याजवळ."

"आई, रेघ," सुरभी म्हणाली.

"आज माझ्याबरोबर चालेल."

प्रणितने चमकून तिच्याकडे पाहिलं. तिने काचेची कडी चाचपली, खोक्याच्या पत्र्याला आधी स्वतःचा हात टेकवून बघितला, आणि मगच मुलांना बाजूला ओळीने उकिडवं बसवलं. बारा डोकी काचेला चिकटली. आवाज तिने बालवाडीच्या बाईंसारखा ठेवला.

"आता बॉल कुठून जातो ते बघायचं. अहो, सोडा. हळू."

प्रणितने पलीकडून बॉल सोडला. तो पट्टीवरून गडगडत आला, पिनांच्या खालून सरकला आणि मागे जाऊन ठप्प झाला. टक, टक, टक. तीन पिना वर उडाल्या. घंटा वाजली.

"बॉल लागला त्यांना?"

साहिल काचेला आणखी चिकटला.

"परत एकदा सोडा. साहिल, तू बघून सांग."

साहिल जमिनीवर पालथा पडला आणि त्याने एक डोळा मिटला. बॉल आला, गेला. आणखी दोन पिना उडाल्या.

"नाय लागत," साहिल म्हणाला. "मधी जागा हाय." मग तो विचारात पडला. "मग त्या वर का जातात?"

दिपिकाला रिले, कॉइल, तार हे सगळं ठाऊक होतं. ती तोंड उघडणार तोच सुरभी म्हणाली, "बॉलला वाट देतात. टेम्पो आला की आपण बाजूला होतो ना, तसं. खाली तार हाय, ती त्यांना सांगते."

ती हे अकरा जणांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली होती.

साहिल उठला, त्याने गुडघे झाडले. "लागत नाय. चालेल," त्याने निकाल दिला. सगळी झुंड पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे धावली.

पुढचा तासभर पडवीत कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. पिना उडाल्या की पोरं टाळ्या वाजवायची, आणि मोटर फिरून दहाही जणी खाली आल्या की "आल्या, आल्या" करून त्यांना हात हलवायची. प्रतिक्षा बॉल सोडण्याआधी दर वेळी ओरडून सांगायची, "येतोय हां, सरका." रांग कुणी मोडली तर सुरभी त्याला नावाने हाक मारून मागे पाठवत होती. विमलबाईंनी पदर खोचून दोन डाव टाकले आणि एकदा सगळ्या दहा उडवल्या. केक कापायचा राहिला तो राहिलाच.

"आता आईची पाळी," सुरभी म्हणाली.

"मी नको. मी इथे लक्ष ठेवते."

"मी हाय ना इथे," प्रणित म्हणाला. "जा तू."

दिपिकाने बॉल घेतला, पाय जुळवले, रेघेकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, कुणी मूल मध्ये नाही ना ते पाहिलं, आणि सोडला. बॉल सरळ निघाला, अर्ध्यात वळला आणि कडेच्या खोबणीत पडून गडगडत गेला. एकही तार दाबली नाही. दहाही पिना जागच्या जागी, मोठाले डोळे करून तिच्याकडे बघत राहिल्या.



"काकू," साहिल समजुतीच्या सुरात म्हणाला, "त्या तुम्हाला घाबरतात."