गिऱ्हाईक आलं की मला उचलतात

मी खुर्ची बोलतेय. दिवाणखान्यातली नव्हे, जिन्यातली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर भिंतीला पाठ लावून उभी असते, ती. या इमारतीत कधी आला असाल तर माझ्यावर बसलाही असाल. बसल्यावर उगाच मोबाईल काढला असेल, नाहीतर बुटाची नाडी सोडून परत बांधली असेल. दम लागला म्हणून बसलो, असं आजवर कुणी कबूल केलेलं नाही. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन चढणारा तेवढा खरा. तो बसतो, जिन्याला एक शिवी देतो आणि उठतो.

माझा जन्म काही जिन्यासाठी झाला नव्हता. एका सुताराने जेवणाच्या टेबलासोबत आम्हा सहाजणींना एकाच आठवड्यात बनवलं. साग सांगितला आणि भलतंच लाकूड लावलं, वरून पॉलिश मारून वेळ मारून नेली. चौथ्या मजल्यावरच्या घरात जेवणारी माणसं तीन, तरी खुर्च्या सहा, कारण थोरल्या काकांनी सांगितलं होतं की घ्यायचंच तर मोठं घ्या. थोरले काका म्हणजे या घरातल्या बाबांचे मोठे भाऊ. स्वतः जन्मभर भाड्याने राहिले आणि घर कसं घ्यावं ते सगळ्या जगाला शिकवत आले. ते टेबल खोलीत मावलं, पण मग माणसांना मावायला जागा उरली नाही. पुढे टेबल गेलं, माझ्या बहिणीही एकेक करून गेल्या. माझ्यावर उभं राहून माळ्यावरचं सामान काढता यायचं, म्हणून मी राहिले.

या घरातली आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला आहे. आठ तास उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या आणि मग चार मजले चढून घरी यायचं. चार वर्षांपूर्वी एका दुपारी ती या वळणावर आली आणि पायरीवर बसली. बसली खरी, पण पायरी बुटकी, गुडघे झिजलेले, उठता येईना. मुलीने आणि शेजाऱ्याने दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. त्याच संध्याकाळी मुलगी मला उचलून खाली घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. ती कुरिअरच्या गोदामात काम करते, वजन उचलायचं तिला काही वाटत नाही.

तेव्हापासून आई रोज माझ्यावर सात-आठ मिनिटं बसते. पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले. मग एक हात भिंतीला, एक हात माझ्या पाठीला लावून उठते. घरात तिच्या गुडघ्यांबद्दल फारसं बोलत नाहीत. बोललं की काहीतरी करावं लागतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद करा. आता जिना काय नळ आहे का, बंद करायला? पण बाबांनी ते एकदम मनावर घेतलं. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. शांत माणूस. अशा शांत माणसांना एकदा हुक्की आली की त्यांना आवरणं कठीण. थोरल्या काकांनी एका तळमजल्याच्या घराची बातमी आणली आणि रविवारी सगळे ते बघायला गेले.

घर एका निवृत्त मास्तरीणबाईंचं होतं. दोन खोल्या, मागे दार, दारापुढे जेमतेम चार पावलांचं अंगण. रस्त्यापासून मोरीपर्यंत एक पायरी नाही. आईने म्हणे आत-बाहेर अशा तीन फेऱ्या मारल्या. बाईंनी विचारलं, काही हरवलंय का? ही म्हणाली, नाही, नुसती चालून बघतेय. हे तिने मुलीला माझ्यावर बसून सांगितलं. सांगताना हसत होती. माझ्यावर बसून ती हसल्याची दुसरी वेळ मला आठवत नाही.

मास्तरीणबाईंकडे आणखी एक कुटुंब खेपा घालत होतं. बाईंनी बाबांना सरळ विचारलं, तुमचं घर विकलं गेलंय ना? बाबा म्हणाले, झाल्यातच जमा आहे.

तोवर घर विकायचंय हे त्यांनी शेजाऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाबांनी तिथल्या तिथे भाव ठरवला, घर पक्कं केलं आणि तीन महिन्यांची मुदत घेतली. टोकन म्हणून जे दिलं ते आईच्या फंडातलं होतं. थोरले काका शेजारी बसून मान डोलवत होते. मोठ्या माणसांची ही खोडच असते. घाबरून घाईत काहीतरी करून बसायचं आणि त्याला हिंमत म्हणायचं.

त्या दिवशी परत येताना दोघांचं माझ्यापाशीच वाजलं. आई म्हणाली, अहो, आधी आपलं विकायला तरी काढायचं. बाबा म्हणाले, तोवर ते घर आपल्यासाठी थांबलं असतं का? दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना. शेवटी आई उठली आणि भिंत धरून वर गेली.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. त्यांना आणणाऱ्या एजंटला मुलीने हसऱ्या असं नाव ठेवलं होतं. तो कुणी गेल्याचं सांगतानाही हसला असता. माणसं वर जायची, खिडक्या उघडून बघायची, नळ सोडून बघायची, छान आहे म्हणायची, कळवतो म्हणायची. आणि खाली उतरताना माझ्यापाशी आली की खरं बोलायची.

एक बाई म्हणाल्या, घरात उजेड काय सुंदर आहे, पण कोथिंबीर विसरली तर ती त्या दिवशी विसरायचीच. एक नवरा म्हणाला, जिमचे पैसे वाचतील. त्याची बायको म्हणाली, तू वाचव, मी खालीच राहते. एक आजोबा माझ्यावर टेकले आणि मुलाला म्हणाले, घे बाबा, तुला पटत असेल तर घे, मी वर यायच्या ऐवजी फोटो पाठवत जाईन. वर बाबा फोन उशाशी ठेवून 'कळवतो'ची वाट बघायचे. कुणी कळवणार नाही हे इथे वळणावर मला ठाऊक होतं. पण खुर्चीला विचारतो कोण?

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी हसऱ्याने शोध लावला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, ही दिसली की गिऱ्हाईक मजले मोजायला लागतं. नसली की बोलता बोलता वर पोचतं."

झालं. त्यानंतर गिऱ्हाईक यायचं असलं की बाबा मला उचलून वर न्यायचे, बाल्कनीच्या कोपऱ्यात उभी करायचे आणि माझ्यावर जुनी चादर टाकायचे. चार दिवसांचा प्रश्न आहे, म्हणायचे. आईही हो म्हणाली. तिला ते अंगण हवं होतं, आणि ज्याला काही हवं असतं त्याला फसवाफसवीत सामील करून घ्यायला वेळ लागत नाही. त्या दिवशी ती न बसता चढायची. वर आली की चेहरा राखेसारखा, पण दारातच आधी केस नीट करायची. पाहुणे अजून असले तर? मी चादरीखालून बघायचे. मला राग यायचा. हसऱ्याचा नाही, त्याचा तो धंदाच आहे. बाबांचा यायचा, आणि आईचाही. चार वर्षं मी तिचं वजन पेललं होतं, आणि तिने माझी ओळख नाकारायला एवढासाही विचार केला नव्हता.

मुदत संपायला अकरा दिवस उरले होते तेव्हा एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि त्याची बायको आले. मोकळी माणसं. त्यांनी छान आहे म्हटलं नाही, पलंग कुठे लावायचा यावर वाद घातला. घर घेणारी माणसं अशीच ओळखायची. बाल्कनीत येऊन ड्रायव्हर माझ्यावरच हात टेकून उभा राहिला, चादरीवरून, आणि म्हणाला, "काका, जिन्याचा त्रास नाही ना होत? घरात वयस्कर माणूस येणार आहे."

बाबा म्हणाले, "सवयीचा प्रश्न आहे हो. माझी बायको दिवसातून दोनदा चढते-उतरते. कधी तक्रार नाही."

तक्रार नाही हे खरंच होतं. थाप मारायला माणसं असाच खऱ्याचा एखादा तुकडा वापरतात.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. ती एवढंच बोलली, "बसू नकोस, आई. भिंत धर. येते." मग बाल्कनीत आली, ड्रायव्हरला जरा सरका म्हणाली, चादर ओढून खाली टाकली आणि मला उचललं. सगळ्यांच्या देखत, भर खोलीतून. हसऱ्या हसायचं विसरला.

"अगं, आत्ता नको," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"बाबा, जिच्यासाठी घर घेताय तिचीच खुर्ची लपवताय," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

आई वळणावर भिंतीला कपाळ लावून उभी होती. मला खाली ठेवताच बसली, बसली म्हणजे पडलीच. तिच्या गुडघ्यांची थरथर माझ्या पायांत उतरली. मागोमाग ड्रायव्हर आला, त्याच्या मागे त्याची बायको, आणि चार पायऱ्या वर बाबा.

ड्रायव्हर तिच्यासमोर उकिडवा बसला. विचारलं, "मावशी, रोज असंच होतं?"

आईने वर बाबांकडे बघितलं. मला तिचं वजन पाठ आहे. त्या वेळी ती अगदी काठावर बसली होती, निम्मं वजन पायांवर ठेवून. एक शब्द बोलली असती, 'आजच जरा', तर अकरा दिवसांत ती त्या अंगणात असती. बाबांच्या ओठांवर तोच शब्द होता. मला दिसत होता.

तिने उलट विचारलं, "कोण वयस्कर आहे तुमच्याकडे?"

"माझी आई. खाली गाडीत बसलीये. म्हणाली, तुम्ही बघून या, घेतलंत तर मला एकदाच चढवा."

आई मागे सरकली आणि पूर्ण वजन माझ्यावर टाकलं.

"घर चांगलं आहे," ती म्हणाली. "पाणी भरपूर, शेजारी बरे. पण त्यांना आणणार असाल तर नका घेऊ. एकदा वर गेल्या की पुन्हा खाली यायचं मन होणार नाही त्यांचं. माझी नोकरी आहे म्हणून मी उतरते."

ड्रायव्हरने मान हलवली. जाताना त्याची बायको आईच्या खांद्यावर हात ठेवून गेली. हसऱ्या त्यांच्यामागून धावला. पायऱ्यांचा आवाज खाली विरला तसे बाबा म्हणाले, "काय केलंस गं हे?"

"मला उठवा आधी," आई म्हणाली.

मास्तरीणबाई मुदतीनंतरही आठ दिवस थांबल्या. मग त्यांचा फोन आला की दुसऱ्या कुटुंबाचे कागद झाले. अर्धं टोकन त्यांनी परत केलं. द्यायची त्यांना गरज नव्हती. थोरले काका म्हणाले, नशीब. प्रत्येक गाढवपणाला घालायला त्यांच्याकडे हा एकच कपडा आहे.

महिनाभर घरात कुणी घराचा विषय काढला नाही. मग परवा दोघं बरोबर चढत होते. आई बसली, बाबा शेजारी उभे राहिले. म्हणाले, "दादा सांगत होता, पुलापलीकडे एक तळमजला आहे. नुसतं बघून तरी येऊ."

आईने डोळे उघडलेसुद्धा नाहीत. "आधी आपल्या घराची पाटी लावा. आणि त्यावर मजला लिहा. हसऱ्याने जाहिरातीत लिहिला नव्हता."

बाबांनी तिची पिशवी घेतली आणि ती उठेपर्यंत तिथेच थांबले.

काल मुलीने पाटी रंगवली आणि खाली फाटकाला बांधली. वर जाताना शेजाऱ्याला वाचून दाखवत होती, म्हणून मला कळलं. घर विकणे आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही. वाटेत बसायला खुर्ची आहे.

आता माझं ऐका. माझा एक पाय हलतो, बैठकीला चीर गेली आहे, फार बोलवत नाही. असलं सगळं वाचून घर बघायला कोण येणार, असं बाबा म्हणतात. त्यांचं बरोबरही असेल. आज दिवसभरात कुणी आलं नाही. पण तुम्ही आलात तर वर जायच्या आधी माझ्यावर बसा. नाडी बांधू नका, फोन काढू नका. तुमच्या घरात सगळ्यात हळू चढणारं माणूस कोण आहे, तेवढं आठवा. आणि मग जरा बाजूला व्हा. साडेचार वाजत आलेत, आईची यायची वेळ झाली.