आभारप्रदर्शन

सकाळीच सासूबाईंनी सुनेला लांब बाह्यांचं काहीतरी घालायला बजावलं. दंडावरचा डाग अजून निळाच होता. बाकी घरात रोजच्यासारखंच चाललं होतं. नवरा रात्रीची दारू उतरेपर्यंत झोपला होता आणि तिने ऑफिसला फोन करून त्याला ताप आणला होता. सात वर्षांत तिने फोनवर त्याला कावीळ दिली, त्याची पाठ धरवली, एकाच आजीला दोनदा मारलं. थापा मारण्यात आता तिचा हात कुणी धरू शकलं नसतं.

सासूबाई व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संध्याकाळी मोठ्या सभागृहात शहरातली बडी मंडळी भाषणं ऐकणार, देणग्या देणार आणि जेवणार होती. सुनेकडे आभारप्रदर्शन होतं. त्या वेळी लोकांचे डोळे जेवणाकडे लागलेले असतात, कान कुणाचेच नसतात. म्हणूनच ते तिला दिलं होतं.

निघण्याआधी ती वरच्या खोलीचं कुलूप काढून धाकट्या दिराला ताट द्यायला गेली. त्याच्या हातातून पाण्याचा पेला निसटला.

"वहिनी, मला कुठेतरी अॅडमिट करा. ही दारू माझ्याच्याने सुटत नाही."

तिने खाली येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या आरशात बघून केस सारखे करत होत्या.

"आपल्याच संस्थेच्या केंद्रात आपलाच मुलगा? नाव राहील का माझं? बायको आली की येईल ताळ्यावर."

मोठ्याच्या वेळीही घरात हेच ठरलं होतं. त्याच्यावर उपचार झालेच नाहीत, त्याचं लग्न झालं. सुनेने कुलपाची किल्ली पर्समध्ये टाकली.

सभागृहात पहिल्याच टेबलाशी धाकट्याची नियोजित वधू आईवडिलांबरोबर बसली होती. मुलगी दातांची डॉक्टर, हसरी, बोलकी. नवरामुलगा कामासाठी परदेशात आहे, असं त्यांना सांगितलेलं.

"वहिनी, ते माझे फोन का उचलत नाहीत?" तिने हळूच विचारलं.

"तिकडची वेळ वेगळी असते गं," सासूबाईंनीच परस्पर उत्तर दिलं.

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. सात वर्षांपूर्वी तिलाही असंच गोड बोलून गप्प केलं होतं. आज कुणालाही सोडायचं नाही, असं तिने ठरवलं.

सासूबाईंचं भाषण रंगलं. व्यसन हा आजार आहे, आजाराची लाज कसली, घरातलं दुखणं लपवू नका, असं त्यांनी कळकळीने सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग सून उठली. माइकवाला नेहमीप्रमाणे जेवायला निघून गेला.

"अध्यक्षांचे आभार. त्यांनी आत्ताच सांगितलं, लपवू नका. मी सासूबाईंचा शब्द खाली पडू देत नाही."

लोक कौतुकाने हसले.

"माझा नवरा लग्नाआधीपासून दारू पितो. त्याला डॉक्टरकडे नेलं नाही, मला आणलं. आमच्या घरात या आजारावर सून हेच औषध आहे." तिने बाही वर केली. "हा त्या औषधाचा गुण."

सासूबाईंनी माइक बंद करायची खूण केली, पण तिथे होतं कोण? त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तो बघून सुनेला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि तिने तो आणखी थोडा वेळ बघून घेतला.

मग ती पहिल्या टेबलाकडे वळली. "तुमचा नवरामुलगा परदेशात नाही. आमच्या वरच्या खोलीत कुलपात आहे. तो वाईट नाही, आजारी आहे, आणि उपचार मागतोय." तिने मंचावर बसलेल्या केंद्राच्या डॉक्टरांसमोर किल्ली ठेवली. "गाडी पाठवा. मीही येते."

"घरी चल, मग बघते तुला," सासूबाई दात आवळून पुटपुटल्या.

"त्याला घ्यायलाच येणार आहे. राहायला नाही," सून माइकवरच म्हणाली.

मुलीच्या वडिलांनी खुर्ची मागे सरकवली. मुलगी रडत नव्हती. ती सुनेच्या दंडाकडे बघत होती.

"शेवटी आपणा सर्वांचे आभार. आपण माझ्या लग्नालाही आला होतात. आपल्यातल्या निम्म्यांना त्याचं पिणं माहीत होतं. तरी एकानेही माझ्या आईवडिलांना सांगितलं नाही. जेवून मात्र सगळे गेलात."

ती थांबली. मग आभारप्रदर्शनाच्या ठरलेल्या सुरात म्हणाली, "जेवण तयार आहे. सर्वांनी जेवूनच जावं."

कुणीही उठलं नाही.