तोंडाला हळद नाही

नात ब्राह्मीचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. तिच्या तोंडावर मुरमं आणि काळे डाग होते. तिच्या साताऱ्याच्या आत्यानं आठवड्यात गोरं करणारं मलम आणलं. पोरीनं ते परत दिलं आणि सांगलीच्या डॉक्टरांचं सावकाश गुण देणारं औषध निवडलं. तोंडाला हळद लावू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

आमचा तर हळदीचाच व्यापार. हळदीच्या दिवशी बायका भरल्या हातांनी पुढं आल्या, तशी माझी बायको गुणमाला आडवी आली.

"हातापायांना लावा. तोंडाला न्हाई!"

"आवं काकी, हळदीच्या घरात हळदीला बंदी?"

"व्हय. माझ्या नातीनं ठरवलंय."

ब्राह्मी डागांसकट हसत बोहल्यावर चढली. गुणमाला ताठ मानेनं बघत राहिली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गुणमाला वारली. तिची आठवण निघाली की मला हळदीच्या दिवशी आडवी आलेली तीच दिसते.