बिघाड माझ्यात नव्हता

मित्रांनो, मी एका गायिकेचा जुना माईक आहे. माझ्या डोक्यावरच्या जाळीला पोचे पडले आहेत आणि तिच्या मुठीत राहून अंगावरचा काळा रंग उडाला आहे. पण ऐकू मला अजून लख्ख येते.

जाळीच्या आत माझा एक पातळ पडदा आहे. कोणी गायले की तो थरथरतो, आणि ती थरथर तारेतून भोंग्यापर्यंत जाते. एका कारखान्यात बारीक बोटांच्या बाईने तो बसवला आणि माझ्यात हळूच फुंकर मारली. तो माझा पहिला श्वास.

मला विकत घेतले ते गायिकेच्या थोरल्या बहिणीने. धाकटीच्या हातात देत ती म्हणाली, "लोकांच्या उष्ट्या माईकवर किती दिवस गाशील? हा तुझा."

धाकटी तेव्हा एका ऑर्केस्ट्रात गात होती. लोक जेवत असत आणि ही गात असे. बायकांची गाणी, पुरुषांची गाणी, फर्माईश येईल ते. मग लंबू नावाच्या गिटारवाल्याने तिला आपल्या बँडमध्ये ओढले. तिथे ड्रमचा असा दणदणाट, की माझा पडदा फाटतो की काय असे वाटे. तिथे ती पोटातून आवाज काढायला शिकली. पुढे भांडणे होऊन तो बँड मोडला. एक संध्याकाळ ती रडली आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत कोरसच्या मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिथे उलटेच होते. आपला आवाज वेगळा ऐकू येता कामा नये! मग एका व्हायोलिनवाल्याबरोबर तिने शब्दच नसलेली गाणी गायली. मुलांच्या नाटकात ती मांजर झाली, बोळकी म्हातारीही झाली.

"हिचं एक काही ठरत नाही," असे म्हणत लोकांनी तिचे नाव भिंगरी पाडले. ती हसून म्हणायची, "फिरते म्हणून उभी आहे. थांबले तर पडेन."

शेवटी तिच्या एकटीच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला. रुसवा विसरून लंबूही साथीला आला. तालमींवर तालमी झाल्या. आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आवाज तपासताना, वरच्या सुरावर, मला एक बारीक खरखर ऐकू आली. कापड उसवावे तशी.

साउंडवाल्या काकांनी कानावरचे हेडफोन दाबले. "माईक गेला वाटतं. म्हातारा झालाय बिचारा."

त्यांनी माझी तार उपटली आणि मला तुटक्या वायरींच्या खोक्यात टाकले. दुसरा कोरा माईक आला. भिंगरी पुन्हा गायली. पुन्हा तीच खरखर! काका वायर बदलू लागले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण माईकला स्वतःचा आवाज कुठे असतो?

बहिणीने भिंगरीला कोपऱ्यात, माझ्या खोक्याजवळच, ओढले. "डॉक्टर काय म्हणाले ते सांग ना त्यांना! गळ्यात सूज आहे. आज ताण दिलास तर आवाज कायमचा जाईल. रद्द कर बाई, पाया पडते तुझ्या."

"अगं, माणसं येऊन बसायला लागलीत."

"बसू देत! उद्या तू मुकी झालीस तर ती येणार आहेत का घरी?"

रंगमंचाच्या पडद्यापलीकडे खुर्च्या वाजत होत्या. भिंगरीने खोक्यात हात घालून मला बाहेर काढले.

"काका, हाच लावा. बिघाड याच्यात नाही, माझ्या गळ्यात आहे."

"मग आता?" लंबूने विचारले.

"सगळं खाली उतरवा. पट्टी खाली, आवाज खाली. ड्रमला काठ्या नकोत, नुसते हात."

"आणि आपलं ते बँडचं गाणं? ते तर ओरडायचंच आहे!"

"आज कुजबुजून म्हणू."

पडदा उघडला. "आज माझा गळा आजारी आहे," ती लोकांना म्हणाली. "मी हळू गाणार आहे. तुम्हीही जरा हळू ऐका." काही माणसे उठून गेली. दार धाडकन आपटले.

तिने ओठ माझ्या जाळीला टेकवले. पहिले गाणे तिने कोरसमध्ये गायची तसे, अंग चोरून गायले. दुसऱ्यात तिने त्या बोळक्या म्हातारीचा आवाज लावला. त्यात ती खरखर अशी मिसळून गेली, की जणू मुद्दाम केली असावी. इतक्या ठिकाणी फिरून गोळा केलेले सगळे त्या दिवशी कामाला येत होते.

मग लंबूच्या बँडमधले ते गाणे आले. मागून कोणीतरी हाक दिली, "ओरडा की, ताई!" विंगेत बहिणीने तोंडावर हात धरला. वरचा सूर जवळ आला. भिंगरीने श्वास घेतला. पोटातून, भरगच्च, जुन्या दिवसांसारखा. माझा पडदा ताठ झाला. आता ही ओरडणार, मला वाटले. आता संपले.

तिने तो श्वास धरून ठेवला. आणि सुराशिवाय, नुसताच माझ्यात सोडला. काकांनी माझा आवाज पूर्ण वाढवला होता. अख्ख्या सभागृहाने फक्त एका बाईचा श्वास ऐकला. मग पुढची ओळ तिने खालून उचलली. पुन्हा कोणी हाक दिली नाही.

त्यानंतर गळ्याला विश्रांती म्हणून कित्येक महिने ती बोललीसुद्धा नाही. बहीण पोलिसासारखी पहारा देत होती. मी पेटीत पडून होतो. जाळीखालच्या स्पंजला बुरशी धरली. ती परत गाईल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हते.

एका सकाळी पेटी उघडली. तिने मला पुसले आणि तार न जोडताच तोंडाशी धरले. मग ती गायली. आवाज जाड झाला होता, पूर्वीइतका वर जात नव्हता. पण खरखर नव्हती! दारात बहीण पिठाच्या हातांनी उभी होती. ती म्हणाली, "बास आता. बाकीचं उद्या."

मित्रांनो, माझी जाळी धुता येते, तार बदलता येते. गळ्याला सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून तुमच्या आवडीचे कोणी "आज जमत नाही" म्हणाले, तर हट्ट धरू नका. खुर्ची थोडी पुढे सरकवा आणि ऐका.