पुलापलीकडचा गुरुवार

लेआनाने दुकानामागच्या नेहमीच्या जागी गाडी लावली आणि सवयीने खाली उतरली. दार लावता लावता थबकली. आज उतरायचं काही कारणच नव्हतं. गाडीला वळसा घालून ती आईच्या सीटवर जाऊन बसली. दार अर्धवट उघडंच राहिलं.

आजारपण वाढल्यावर आई, ड्रीमा, नदीपलीकडे ओहायोत लेकीकडे राहायला आली होती. तिचं समुपदेशन करणारी वेल्डा मात्र इकडे वेस्ट व्हर्जिनियातच राहिली. वेल्डाचं लायसन्स या एकाच राज्यापुरतं. ओहायोत बसलेल्या माणसाचं समुपदेशन फोनवरूनही करायची तिला परवानगी नव्हती.

"ओहायोतली दुसरी बाई बघू या ना," लेआना म्हणाली होती.

"आणि तिच्यापुढे सगळं रडगाणं पहिल्यापासून गाऊ?"

म्हणून मायलेकी दर गुरुवारी पूल ओलांडून इथवर येत; पुढे वेल्डाच्या ऑफिसपर्यंतचा प्रवास आईला झेपत नसे. वेल्डाचा फोन वाजला की आई म्हणे, "उतर आता. आणि कान गाडीत विसरू नकोस!" लेआना दुकानाच्या सामान-ट्रॉल्यांच्या रांगेपाशी येरझारा घालायची. काचेआड आई कधी हसताना दिसे, कधी डोळे पुसताना. घरी तिने यातलं काहीच केलं नाही.

डॅशबोर्डवर आईचा फोन वाजला.

"ड्रीमा! अगं, आलं एकदाचं ओहायोचं लायसन्स! आता पुलाची दगदग नको, घरी पलंगावर लोळत बोल. पण नियम तो नियम. बोलणं सुरू करण्याआधी दर वेळी विचारावंच लागतं: तू आत्ता कुठे आहेस?"

सीट आईच्या मापाने पुढे ओढलेली होती. लेआनाचे गुडघे डॅशबोर्डला टेकत होते.

"वेल्डाबाई, मी लेआना. आई रविवारी गेली." ती थांबली. "तुम्हाला कळवायचं राहिलं. म्हणजे, राहिलं नाही. कळवावंसं वाटेना."

"रविवारी," वेल्डा पुटपुटली.

"माझ्याबद्दल काय बोलायची ती?" लेआनाने विचारलं.

"ते नाही सांगता येणार, बाळा."

"माहीत होतं मला. ठेवते."

"थांब." वेल्डाने नाक ओढलं. मग तिचा नेहमीचा, कामाचा आवाज आला. "तू आत्ता कुठे आहेस?"

लेआनाने काचेबाहेर पाहिलं. ट्रॉल्यांपाशी कुणी नव्हतं.

"गाडीत," ती म्हणाली. "पुलाच्या तुमच्या बाजूला."

आणि हात लांबवून तिने दार आतून ओढून घेतलं.