सतरा नंबरचा खुराक

सतरा नंबर लागू पडला, तर रुपालीला मिळायचं होतं बरंच: पेटंटवर नाव, हडपसरच्या त्या खासगी प्रयोगशाळेत कायमची नोकरी आणि अमरावतीला वडिलांसमोर बोलायला तोंड. १९९९ साली कम्प्युटर सोडून रसायनशास्त्र धरणारी मुलगी त्यांच्या लेखी वाया गेली होती.

सतरा नंबर हे तिनं स्वतः बनवलेलं रसायन. ते कॅन्सरची गाठ असलेल्या उंदरांना द्यायचं आणि बिनऔषधाच्या उंदरांशी गाठ ताडून पाहायची.

औषधवाल्या उंदरांच्या गाठी निम्म्याच भरल्या. तिचे साहेब, वैजनाथ सर, यांनी पेढे वाटले आणि बॉस्टनच्या परिषदेची तयारी सुरू केली.

पेढा रुपालीनंही खाल्ला. पण नजर पिंजऱ्यांवर. औषधवाल्यांचं खाद्य वाट्यांत तसंच पडलेलं. तिनं उंदीर डब्यात हुसकावून डब्यासकट तोलले. सगळे वाळलेले.

खरं तर औषध प्रत्येक उंदराला धरून, तोंडातून बोथट सुईनं थेट पोटात सोडायचं असतं. पण ही पडली रसायनवाली. उकळतं आम्ल बिनधास्त ओतेल, उंदीर धरायचा म्हटलं की स्टुलावर चढेल. म्हणून तिनं औषध खाद्यात कालवलं होतं आणि सरांनी मान डोलावली होती.

"सर, औषध कडू लागत असेल तर? उपाशी राहूनच गाठ खुरटली असेल तर?"

"अहो रुपालीबाई, उंदरांच्या जिभेचे चोचले आपण कधीपासून पुरवायला लागलात?"

"बघू तरी द्या."

"बघा. नाहीतर बॉस्टनला सांगतो, पुण्यात उपासाचं औषध निघालंय."

तिनं नवे उंदीर घेतले. काहींना औषध नाही, फक्त आधीच्या औषधवाल्यांनी खाल्लं तेवढंच तुटपुंजं खाद्य. काहींना पोटभर खाद्य, आणि जाड हातमोजे घालून, डोळे अर्धे मिटून, सुईनं सतरा नंबर. उपाशी उंदरांच्या गाठी खुरटल्या. औषध घेऊन पोटभर जेवलेल्यांच्या मजेत वाढल्या.

तिनं आकडे टेबलावर ठेवले. सरांनी ते दोनदा तपासले.

"पेढे परत घेतात का हो हलवाई?" एवढंच बोलले.

सरांचं बॉस्टन हुकलं. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या परिषदेला जातीलच. रुपालीची मिळू घातलेली कायमची नोकरी गेली; अठरा नंबर बनवायला सहा महिन्यांचा करार उरला. पहिल्या खेपेच्या उंदरांनी मात्र किंमत मोजली: आधी भूक, मग जीव. तोही एका बाईला त्यांची भीती वाटत होती म्हणून.